किरणोत्सवाच्या कसोटीवर खगोल-लायब्ऱ्या: मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोणती घ्यावी, कोणती बाजूला ठेवावी

कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हाच किरणोत्सव. ढग, धूळ आणि वाटेतल्या इमारती आडव्या आल्या तर उत्सव अर्ध्यावर राहतो, ते वेगळं. पण खगोलगणिताची लायब्ररी तपासायला याच्याइतकी सोपी आणि चोख चाचणी कोल्हापूरकराला दुसरीकडे शोधायची गरज नाही.

हिशेब असा. कोल्हापूरचा अक्षांश १६.७० उत्तर, रेखांश ७४.२४ पूर्व. या सहाही दिवशी सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे १६.९ ते उणे १७.४ अंशांच्या दरम्यान असते. म्हणून मावळताना दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेली क्षितिजावरची दिशा) सगळ्या दिवशी २५२ अंशांच्या आसपासच येतो, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे. वेळ मात्र वेगळी. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाला. क्रांती तीच, मग अर्धा तास आला कुठून? काल समीकरणातून, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतल्या फरकातून. नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत साडेतेरा मिनिटं मागे. दोन्ही वेळचा दिगंश जुळला आणि हा अर्धा तासही दिसला, तर लायब्ररीचा पाया ठीक आहे असं समजायचं.

हा आढावा एखाद्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी खगोलशास्त्राच्या लायब्ऱ्या पॅकेज करायला, म्हणजे थेट बसवता येतील अशा बांधून द्यायला, बसणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक डेबियन या लिनक्स वितरणाची, कारण तिथल्या डेबियन ॲस्ट्रो गटाने यातलं पुष्कळ काम आधीच केलं आहे. त्यांचे पॅच आणि कॉपीराइट फायली कुणालाही उघडून वाचता येतात. स्वतःची सिस्टिम दुसरी असली तरी सुरुवात तिथूनच करावी, नाहीतर त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडवलेला गुंता पुन्हा सोडवत बसावं लागतं.

निवड करताना बहुतेक जण फंक्शनांची यादी बघतात. कोणात ग्रहणं आहेत, कोणात उपग्रह आहेत, कोण जलद आहे. ती यादी सगळ्यात शेवटी बघायची. आधी तीन गोष्टी बघायच्या: परवाना, लायब्ररीचा एबीआय (बिल्ड झालेल्या प्रोग्रामांशी तिची जोडणी) किती शिस्तीत बदलतो, आणि सोबत लागणारा डेटा कुठून येतो व किती दिवसांत शिळा होतो. कोड शिळा व्हायला वर्षं लागतात. डेटा महिन्याभरात होतो, आणि पॅकेजरची झोप तोच उडवतो.

लिबनोव्हापासून सुरू करू. किरणोत्सवाचा प्रश्न हिला विचारला तर उत्तर येतं ७२. यात चूक काही नाही. लिबनोव्हा दिगंश दक्षिणेपासून मोजते: दक्षिण शून्य, पश्चिम ९०, उत्तर १८०. त्यात १८० मिळवले की २५२ झाले. हे ठाऊक नसलेला माणूस मावळतीच्या वेळी दुर्बीण उगवतीकडे फिरवतो आणि मोटरला शिव्या घालतो. दुसरी खोच रेखांशाची. लिबनोव्हात पूर्व धन आणि पश्चिम ऋण. पण खगोलगणितावरच्या पुस्तकांचे लेखक जाँ मीउस यांची सूत्रं पश्चिम धन धरतात, आणि ती सूत्रं जशीच्या तशी उतरवलेले छोटे प्रोग्राम ढिगाने आहेत. चिन्ह उलटलं तर कोल्हापूरच्या संध्याकाळच्या पावणेसहा-सहाला सकाळी पावणेआठचा सूर्य पूर्वेला लटकलेला दिसतो. चूक एवढी ढळढळीत की चाचणी लगेच पकडते. म्हणूनच चाचणी हवी.

बाकी लिबनोव्हा गुणी आहे. सी भाषेतली, आटोपशीर, एलजीपीएल परवान्याची, फारशा डिपेंडन्सी न मागणारी. अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्प, संथ आहे, पण दुर्बीण चालवणारी इंडी तिच्यावर उभी असल्याने टाकता येत नाही. पॅकेजच्या वर्णनात दिगंशाची दिशा पहिल्या दोन-तीन ओळींत लिहिली तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

पायथन भाषेतली पायइफेम आजही शाळा-कॉलेजात सगळ्यात जास्त दिसते, कारण पाच ओळींत सूर्योदय मिळतो. सापळे दोन. अक्षांश अवतरण चिन्हांत दिला तर तो अंश धरला जातो; नुसता आकडा दिला तर रेडियन. १६.७ रेडियन म्हणजे अडीच फेऱ्यांहून जास्त, आणि प्रोग्राम कुरकुर न करता उत्तर देतो. दुसरा सापळा बारीक आहे. पायइफेमचा निरीक्षक मुळातच १०१० मिलिबार दाब धरून चालतो, म्हणजे वातावरणीय अपवर्तन मिळवलेलं असतं. पायथनच्याच ॲस्ट्रोपायमध्ये (तिच्याबद्दल पुढे) मूळ दाब शून्य, अपवर्तन नाही. क्षितिजाशी या दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त, सुमारे ३४ कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) फरक पडतो. दोन्ही लायब्ऱ्यांची तुलना करणारी चाचणी लिहायची तर पायइफेमचा दाब शून्य करूनच. वेळ दोन्हीकडे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची. साडेपाच तास वजा करायला विसरलात तर किरणोत्सव रात्री साडेअकराला होतो.

आता परवान्याकडे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची (आयएयू) सोफा ही मूळ, अधिकृत लायब्ररी. तिचा परवाना सांगतो की कोड बदललात तर फंक्शनांची नावं बदला, आयएयू आणि सोफा हे उपसर्ग वापरू नका. वितरणाच्या दृष्टीने ही अडचणच आहे, कारण एक छोटा पॅच लावला की सगळ्या वापरकर्त्या प्रोग्रामांतली नावं बदलावी लागतील. म्हणून सोफा मंडळाच्या संमतीने एर्फा तयार झाली. तेच गणित, आयएयूच्या जागी ईआरए उपसर्ग, आणि परवाना तीन कलमी बीएसडी. पॅकेज करायची ती एर्फाच. गणिताच्या प्रमाण लायब्ररीशिवाय तिला काही लागत नाही, बिल्ड चुटकीसरशी होतो, चाचण्या सोबतच येतात. नवशिक्या पॅकेजरने हात साफ करायला हिच्यापासून सुरुवात करावी.

एर्फातही डेटाचा काटा आहेच. लीप सेकंदांचा तक्ता कोडमध्ये कोरलेला आहे. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला जोडला गेला आणि १ जानेवारी २०१७ पासून टीएआय (अणुघड्याळांचा काळ) व यूटीसी यांतलं अंतर ३७ सेकंद आहे. तक्त्याच्या आवृत्तीनंतर पाच वर्षांहून पुढची तारीख दिली की फंक्शन शून्याऐवजी एक परत देतं: ‘वर्ष संशयास्पद’. पुष्कळ प्रोग्राम हा परतावा तपासतच नाहीत. काही उलट तो चूक समजून थांबतात, आणि जुनी एर्फा असलेल्या सिस्टिमवर एके दिवशी अचानक चाचण्या पडू लागतात. कोड कुणीच बदललेला नसतो, बदललेलं असतं कॅलेंडर. नव्या एर्फात तक्ता चालू प्रोग्राममधून बदलता येतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या टाइमझोन डेटासोबत लीप सेकंदांची यादी असतेच, तीच वापरायची सोय करून द्यावी. त्या यादीला स्वतःची मुदत असते आणि ती दर सहा महिन्यांनी पुढे ढकलली जाते, एवढं ध्यानात असू द्या.

ॲस्ट्रोपाय म्हणजे घरातला थोरला. पायथनमधल्या खगोलशास्त्राचं निम्मं काम त्याच्या खांद्यावर आहे. प्रकल्प २०११ चा, परवाना बीएसडी, कागदपत्रं उत्तम. पॅकेज करायला मात्र दमवणारा.

पहिली गोष्ट, त्याच्या पोटात दुसऱ्या लायब्ऱ्यांच्या प्रती आहेत: चित्रातल्या बिंदूची आकाशातली जागा काढणारी डब्ल्यूसीएसलिब, एक्सएमएल वाचणारी एक्सपॅट, आणि जुन्या आवृत्त्यांत फिट्स या खगोल-चित्रांच्या फायली वाचणारी सीफिट्सआयओसुद्धा. वितरणात असं चालत नाही. एकाच लायब्ररीच्या पाच प्रती पाच ठिकाणी असल्या तर सुरक्षेची दुरुस्ती पाच ठिकाणी करावी लागते. २०१८ मध्ये सीफिट्सआयओच्या ३.४२ आवृत्तीत बफर ओव्हरफ्लो सापडले तेव्हा हाच प्रश्न सगळ्यांपुढे उभा राहिला: सिस्टिमची प्रत सुधारली, पण कुणाकुणाच्या पोटात जुनी राहिली? ॲस्ट्रोपायने यासाठी चांगली सोय ठेवली आहे. बिल्डच्या वेळी एक पर्यावरण-चल १ केलं की तो सगळ्या लायब्ऱ्या सिस्टिमच्या वापरतो. एर्फा पायथनला जोडणाऱ्या पायएर्फालाही असंच वेगळं चल आहे. ते विसरलं की सिस्टिममधली एर्फा बाजूला राहते आणि पोटातली प्रत गुपचूप जोडली जाते. बिल्ड झाल्यावर एलडीडी (जोडलेल्या लायब्ऱ्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. सिस्टिमच्या एर्फाचं नाव यादीत दिसलं तरच जमलं. आणि खात्री हवी तर मूळ टारबॉल पुन्हा बांधताना प्रतींचे फोल्डरच काढून टाका. मग चुकून जोडायला काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट चाचण्या. ॲस्ट्रोपायच्या चाचण्या पायटेस्ट या चाचणी-साधनाच्या अर्धा डझन प्लगइन मागतात, आणि तीही आधी पॅकेज झालेली हवीत. एक पोतं उचलायला जावं तर खाली दहा निघतात. त्यामुळे ‘एका शनिवार-रविवारात ॲस्ट्रोपाय’ हा बेत आखूच नये.

तिसरी आणि खरी डोकेदुखी: पृथ्वीच्या फिरण्याचा डेटा. आकाशातल्या जागेवरून क्षितिजावरची जागा काढायला यूटी१ (पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्यावरून ठरणारी वेळ) लागतो, आणि तो हे फिरणं मोजणाऱ्या आयईआरएस संस्थेच्या तक्त्यातून येतो. ॲस्ट्रोपाय हा तक्ता स्वतःहून नेटवरून उतरवायला बघतो. डेबियनच्या बिल्ड यंत्रांवर नेट नसतंच, शिवाय पायथनचं बिल्ड साधन प्रॉक्सी मुद्दाम एका बंद पोर्टकडे वळवून ठेवतं, म्हणजे चोरून नेट वापरणारी चाचणी तिथल्या तिथे पडते. ते योग्यच. प्रश्न वापरणाऱ्याचा आहे. पन्हाळ्यावर रात्री मोबाइलला रेंज नसताना लॅपटॉपवर पहिलंच रूपांतर मागितलं की प्रोग्राम तक्त्याची वाट बघत ताटकळतो. जुना तक्ता असेल तर तो ३० दिवसांहून शिळा आहे म्हणून तक्रार करतो. उपाय दोन: आपोआप उतरवणं बंद करायचं, आणि वयाची अट काढायची. अलीकडच्या आवृत्त्यांत हा तक्ता वेगळ्या पायथन पॅकेजमध्ये काढला आहे, ही पॅकेजरला मोठीच मदत. वितरणाने त्या पॅकेजला टाइमझोन डेटासारखं वागवावं, म्हणजे स्थिर आवृत्ती निघाल्यावरही ते अधूनमधून नवं मिळत राहील. ‘स्थिर म्हणजे हात लावायचा नाही’ हा नियम इथे लावला तर दोन वर्षांनी सगळेच इशाऱ्यांच्या चिखलात.

किती फरक पडतो म्हणाल तर यूटी१ आणि यूटीसी यांतलं अंतर ०.९ सेकंदाच्या आत ठेवलेलं असतं, आणि एक सेकंद म्हणजे १५ विकला (कलेचा साठावा भाग ती विकला). किरणोत्सवाला हा फरक दिसणारही नाही. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीला दिसतो.

स्कायफील्ड हा हलका पर्याय. शुद्ध पायथन, एमआयटी परवाना, संकलन नाही, एबीआयची कटकट नाही. त्यामुळे पॅकेजिंग सोपं, पण नासाच्या जेपीएलची ग्रहस्थितीची फाइल लागते. सगळी उदाहरणं डीई४२१ वापरतात; १७ एमबीची, साधारण १९०० ते २०५० पुरती. आता कोल्हापुरात कुणीतरी हमखास राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मदिवसाची, २६ जून १८७४ ची ग्रहस्थिती काढणार. स्कायफील्ड तिथेच ‘तारीख फाइलच्या बाहेर’ म्हणून थांबेल. म्हणून डेटा पॅकेजात डीई४४० ची छोटी आवृत्ती द्यावी: सुमारे ३२ एमबी, १८४९ ते २१५०. मोठी डीई४४० ११४ एमबीच्या आसपास आहे आणि १५५० पासून चालते. शिवकाळाचं काम असेल तर ती, पण सगळ्यांच्या माथी मारायची नाही. डेटा पॅकेज कोडपासून वेगळं आणि सर्व आर्किटेक्चरांना एकच ठेवा, नाहीतर वितरणाच्या मिरर सर्व्हरवर तीच फाइल प्रत्येक आर्किटेक्चरसाठी पुन्हा बसेल.

इथे मराठी वाचकाचा खरा प्रश्न येतो: पंचांग. त्यासाठी हात जातो स्विस एफेमेरिस या ग्रहगणिताच्या लायब्ररीकडे, आणि गणिताच्या बाबतीत तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. निरयन पद्धत मागितली पण अयनांश (सायन आणि निरयन स्थितींतलं अंतर) कोणता ते सांगितलं नाही, तर ती फेगन-ब्रॅडली धरते. आपल्याकडची बहुतेक पंचांगं लाहिरी, म्हणजे चित्रापक्ष अयनांश वापरतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनेही चित्रापक्षच धरला. दोन्हींत सुमारे ५३ कलांचा फरक आहे. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, त्या हिशेबाने नक्षत्र संपण्याची वेळ दीड तासाहून जास्त सरकते. गंमत अशी की तिथी मात्र बरोबर येते, कारण तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांतलं अंतर, त्यात अयनांश दोन्हीकडून वजा होऊन जातो. त्यामुळे ॲप लिहिणारा तिथी छापील पंचांगाशी ताडून बघतो, जुळली म्हणून खूश होतो, आणि नक्षत्र चुकीचं छापत राहतो. या लायब्ररीची चाचणी लिहायची तर नक्षत्राची लिहा, तिथीची नको.

दुसरी खोच डेटा फायलींची. त्या सापडल्या नाहीत तर स्विस एफेमेरिस थांबत नाही. आतल्या मोशियर पद्धतीवर उतरते आणि इशारा एका मजकुरात ठेवून देते. कोण वाचतो तो? परत आलेले फ्लॅग तपासले तरच कळतं की गणित दुसऱ्याच पद्धतीने झालं. पॅकेजरने डेटाची शिफारस पुरेशी न मानता मूळ फायली सक्तीची डिपेंडन्सी कराव्यात, असं आमचं ठाम मत. परवाना दुहेरी आहे: एजीपीएल किंवा पैसे भरून व्यावसायिक. एजीपीएलचा अर्थ असा की वेबसाइटवर पंचांग सेवा चालवली तरी वापरणाऱ्याला कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. वितरणात टाकायला अडचण नाही, पण पॅकेजच्या वर्णनात हे स्पष्ट लिहा. राजारामपुरीतल्या एखाद्या कंपनीने ती आपल्या बंद ॲपमध्ये घुसवली तर पुढचा खर्च तिचाच.

सीफिट्सआयओबद्दल थोडं सविस्तर, कारण ही लायब्ररी निवडायची की नाही हा प्रश्नच नाही, ती लागतेच. नासाच्या गोडार्ड केंद्रातली, सी भाषेतली, परवाना मोकळा. फिट्स फाइल २८८० बाइटच्या ठोकळ्यांत असते: ८० अक्षरांची एक ओळ, अशा ३६ ओळी. आकडे बिग-एंडियन क्रमात, म्हणजे मोठ्या स्थानाचा बाइट आधी. आपली सगळी घरगुती यंत्रं लिटल-एंडियन, त्यामुळे वाचताना बाइट उलटावे लागतात. सीफिट्सआयओ हे नीट करते, पण तिच्याभोवती लिहिलेला हौशी कोड अनेकदा न बघता उलटतो. लॅपटॉपवर सगळं छान चालतं. डेबियनच्या एस३९०एक्सवर, जे तिथलं बिग-एंडियन आर्किटेक्चर आहे, चित्रात बर्फ पडतो. कोल्हापुरात मेनफ्रेम कोण वापरणार असं म्हणून हा बिल्ड सोडू नका. लपलेली चूक तिथेच उघडी पडते.

दुसरं, चिन्हरहित १६ बिट. फिट्समध्ये तसा प्रकारच नाही. म्हणून चिन्हासहित आकडा लिहून बीझीरो (वाचताना मिळवायचा आकडा) ३२७६८ ठेवतात. कॅमेऱ्याची चित्रं अशीच असतात. हे न पाळणारा प्रोग्राम उजळ तारे काळे दाखवतो. पॅकेजला एक असं छोटं चित्र चाचणी म्हणून जोडा.

बिल्ड करताना री-एन्ट्रंट पर्याय चालू हवा, नाहीतर दोन थ्रेड एकाच वेळी फायली वाचू लागले की प्रोग्राम अधूनमधून कोसळतो. ‘अधूनमधून’ हाच त्रास. चाचणीत कधीच नाही, निरीक्षणाच्या रात्री नक्की. चाचणीसाठी सोबत टेस्टप्रॉग येतो: तो चालवून आउटपुट सोबतच्या नमुन्याशी डिफ करायचं आणि बनलेली फिट्स फाइल नमुना फाइलशी सीएमपीने बाइट-बाइट ताडायची. दोन्हीकडे काहीच छापलं गेलं नाही की झालं. आणखी एक: ही लायब्ररी फाइलच्या नावातल्या चौकटी कंसांना आज्ञा समजते, आणि नवी फाइल लिहिताना नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असेल तर जुन्या फाइलवर बेधडक लिहिते. वापरणाऱ्याने दिलेलं नाव जसंच्या तसं उघडायचं असेल तर त्यासाठी वेगळं फंक्शन आहे; तुम्ही पॅकेज करत असलेला प्रोग्राम ते वापरतो का, बघून घ्या.

एबीआयची शिस्त मात्र हिची तितकीशी बरी नाही. डेबियनच्या बुल्सआय (११) आवृत्तीत लायब्ररीचं नाव ९ क्रमांकाचं होतं, बुकवर्म (१२) मध्ये १० चं. क्रमांक बदलला की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बिल्ड करावं लागतं, आणि ‘सगळं’ म्हणजे फक्त दुर्बीणवाले नव्हेत. डेबियनमधली जीडाल ही नकाशा-डेटाची लायब्ररी फिट्स वाचायला सीफिट्सआयओ वापरते, आणि क्यूजीआयएस हा नकाशे करायचा प्रोग्राम जीडालवर उभा आहे. पंचगंगेच्या पूररेषेचे नकाशे करणाऱ्याच्या संगणकावर खगोलशास्त्राची लायब्ररी बसलेली असते, त्याला पत्ताही नसतो. तिची आवृत्ती निष्काळजीपणे ढकलली तर बोंब आधी नकाशेवाल्यांकडून येईल.

डब्ल्यूसीएसलिब थोडक्यात: ऑस्ट्रेलियातून आलेली, एलजीपीएल, क्रमांकाची शिस्त चांगली. फक्त तिच्यातला आलेख काढणारा भाग पीजीप्लॉट ही दुसरी लायब्ररी मागतो, आणि पीजीप्लॉटचा परवाना मुक्त नाही. तो भाग बंद करून बिल्ड करा. ज्यांना तेच फंक्शन हवं त्यांच्यासाठी गीझा आहे, पीजीप्लॉटचाच इंटरफेस देणारी, मुक्त परवान्याची. जुन्या खगोल-कोडमध्ये परवान्याचा आणखी एक चोर असतो: न्यूमेरिकल रेसिपीज या पुस्तकातून उतरवलेला कोड, ज्याचं पुनर्वितरण चालत नाही. वर परवाना जीपीएल लिहिलेला आणि आत हा. नवं काही घेताना एनआरयूटिल, एलयूडीसीएमपी, एलयूबीकेएसबी, गॉसजे ही नावं ग्रेप करून बघा. सापडली की ते भाग जीएसएल या मुक्त गणित-लायब्ररीने बदला किंवा पॅकेज सोडा. आयराफसारख्या खगोल-चित्रांवर काम करणाऱ्या मोठ्या प्रकल्पालाही समाजाच्या हाती आल्यावर हीच साफसफाई करावी लागली.

दुर्बीण चालवायची तर इंडी. मूळ इंडी निर्धास्त घ्या. एलजीपीएल, सर्व्हर ७६२४ पोर्टवर ऐकतो, केस्टार्स या तारांगण-प्रोग्रामशी जोडणी सरळ. कॅमेऱ्यांचे तिसऱ्या पक्षाचे ड्रायव्हर वेगळे ठेवा, कारण त्यातल्या अनेकांत उत्पादकाची तयार बायनरी असते, तिचा कोड मिळत नाही, आणि ती ठरावीक आर्किटेक्चरांपुरतीच असते. ती नॉन-फ्री विभागात. युडेव्हचे (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचे) नियम पॅकेजात घालायला विसरलात तर कॅमेरा फक्त सुडोने चालेल. सिरियल माउंटसाठी वापरणारा डायलआउट गटात हवा. सीएच३४० चिप असलेल्या स्वस्त केबलींना उबुंटू २२.०४ मध्ये वेगळीच बाधा झाली: ब्रेल डिस्प्लेच्या बीआरएलटीटी सेवेने त्या आपल्याच समजून बळकावल्या. फोकसर जोडला, पोर्ट क्षणभर दिसला आणि गायब झाला, तर आधी तिकडे बघा.

रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्यांना स्वतःचं घड्याळ नाही. नेट नसलं की शेवटच्या बंद केलेल्या वेळेपासून गाडी पुढे चालू. चार मिनिटांची चूक म्हणजे आकाशात एक अंश. इंडीसोबत जीपीएसडी (जीपीएसवरून वेळ घेणारी सेवा) सुचवलेलं पॅकेज म्हणून ठेवा.

चित्रावरून आकाशातली जागा ओळखणारं ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट कोडने छोटं, डेटाने अजस्र. सगळ्या इंडेक्स फायली देण्याचा मोह टाळा. ४८० मिमी नाभीय अंतर आणि एपीएस-सी कॅमेरा असेल तर चित्र २.८ गुणिले १.९ अंशांचं, त्याला टायको-२ या तारा-यादीवरच्या ४१०७ ते ४११९ फायली पुरतात. त्याच कॅमेऱ्यामागे आठ इंची, २०३२ मिमीची दुर्बीण लावली की चित्र ४० गुणिले २६ कलांवर येतं आणि ४२०० मालिकेतल्या बारीक फायली लागतात: २२ ते ३० कलांसाठी ४२०७, ११ ते १६ साठी ४२०५. आकारानुसार पॅकेज वेगळी करा आणि वर्णनात अंश-कला लिहा. ‘ब्लाइंड सॉल्व्ह (अंदाज न देता जागा ओळखणं) होत नाही’ अशा तक्रारींत बहुतेक वेळा चुकीची मालिका उतरवलेली असते.

क्रम ठरवायचा तर: एर्फा, सीफिट्सआयओ, डब्ल्यूसीएसलिब, मग पायएर्फा, मग ॲस्ट्रोपाय. लिबनोव्हा आणि इंडी समांतर. स्कायफील्ड केव्हाही. स्विस एफेमेरिस नक्षत्राची चाचणी लिहून झाल्यावरच. संकलन करणाऱ्या कुठल्याही मेकफाइलमध्ये ‘मार्च नेटिव्ह’ (-march=native, म्हणजे फक्त बिल्ड यंत्राच्या प्रोसेसरसाठी संकलन) दिसलं तर ते काढा. बिल्ड यंत्र नवं आणि वापरणाऱ्याचा लॅपटॉप जुना असला तर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत मरतो. कॉपीराइट फाइल प्रत्येक फोल्डर उघडून लिहा, कारण नव्या पॅकेजांच्या रांगेतून परत येणाऱ्यांत ती अपुरी असणारी बरीच असतात. त्या रांगेत थांबण्यात आठवडे जातात आणि दुसऱ्यांदा उभं राहिलं की पुन्हा तेवढेच.

आणि स्थापित पॅकेजवर चालणाऱ्या चाचणीत किरणोत्सव घाला: १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी, कोल्हापूरचे अक्षांश-रेखांश, दाब शून्य, वेळ यूटीसीमध्ये, नेट बंद. दिगंशाला सहनशीलता ०.०५ अंश पुरे. त्याहून घट्ट केली तर आय३८६ (३२ बिट इंटेल) वर तरंगत्या दशांशाच्या जादा बिटांमुळे कधीतरी उगाच पडेल, असं वाटतं खरं, पण ०.०५ वर पडली तर दोष प्रोसेसरचा नाही. आधी रेखांशाचं चिन्ह बघा.